सव्वादोन लाखांची जीप सव्वासात लाखांना कशी पडते

वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ आहे : जीप, २,२५,०००. शेवटच्या पानावर बेरीज आहे : ७,२०,०००. मधल्या पानांवर अडीच वर्षं, तेलाचे डाग आणि दोनदा केलेली कामं.

जुनी जीप घ्यायची म्हणून जो कोणी मला फोन करतो, तो पहिल्या पानावरच्या आकड्याबद्दलच बोलत असतो. "अडीच म्हणतोय, दोनला देईल. घेऊ का?" त्या पन्नास हजारांच्या घासाघिशीत पंधरा दिवस जातात आणि पुढच्या पाच लाखांचा विषयही निघत नाही. इथे त्या पाच लाखांचा हिशोब मांडतो. आकडे माझ्या वहीतले, २०२२च्या अखेरीपासून २०२५च्या सुरुवातीपर्यंत तळेगाव आणि पुण्यात मोजलेले. तुमच्या गावात हजार-पाचशे इकडेतिकडे होतील, पण कशाला किती जातं त्याचं प्रमाण फारसं बदलणार नाही.

आधी एक भ्रम दूर करतो. घरी केलं म्हणजे स्वस्त पडतं, असं नाही. मला एका गॅरेजने गाडी आणि कागद सोडून बाकी सगळ्या कामाचे साडेपाच लाख सांगितले होते. माझे त्याच कामावर, हत्यारं धरून, ४ लाख ३८ हजार गेले. वाचले १ लाख १२ हजार आणि त्यासाठी गेले साधारण ११० रविवार. म्हणजे रविवारचा रोज हजार रुपये पडला. तळेगावात चांगला डेंटर त्यापेक्षा जास्त घेतो. घरी करण्याचा फायदा वेगळाच आहे : पैसे एकदम काढावे लागत नाहीत आणि पुट्टीखाली काय दडवलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

माझी गाडी १९७४ची महिंद्रा सीजे-३बी. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिसच्या जीपा जोडायला सुरुवात केली आणि पुढे हीच घडण त्यांनी कितीतरी वर्षं चालवली. सीजे-३बी अमेरिकेत १९५३ साली आली. तिचं बोनेट आधीच्या जीपांपेक्षा उंच आहे, कारण खालचं इंजिन उंच आहे. आधीच्या इंजिनात दोन्ही वॉल्व्ह ब्लॉकमध्ये बसायचे. या हरिकेन इंजिनात इनटेक वॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, एक्झॉस्ट खालीच राहिले. हेड वाढलं, त्याला झाकायला बोनेट वाढलं. देखणेपणात तिचे गुण कापतात, पण खिशाच्या दृष्टीने हीच शहाणी निवड. इतकी वर्षं बनल्यामुळे तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही बाजारात मिळतो. पंजाब-हरियाणाकडे, मंडी डबवालीच्या भागात, तर अख्ख्या बॉड्या नव्या बनतात.

दुसऱ्या महायुद्धातली खरी लष्करी विलिस किंवा फोर्ड मिळाली तर ती संग्राहकाची वस्तू आहे. ६ व्होल्टचं वायरिंग, अस्सल भागांसाठी परदेशातून मागणी, तिथे ही वही उपयोगाची नाही. जबलपूरला लष्करासाठी बनलेली जोंगा लिलावात स्वस्त दिसते, पण पुढे जवळपास चार लिटरचं सहा सिलेंडरचं पेट्रोल इंजिन आहे हे विसरू नका. रोज थोडंफार चालवायचं असेल तर नंतरची डिझेल एमएम-५४० बरी. तिलाही खालचा बराचसा हिशोब लागू पडतो.

कागद, मग गाडी

जीपमधली प्रत्येक गोष्ट पैसे टाकून बदलता येते. चासी नंबर आणि आरसी बुक बदलता येत नाही. म्हणून तुम्ही खरं तर कागद आणि चासी विकत घेताय, बाकीचं लोखंड सोबत येतं असं धरून चाला.

१९८९पूर्वीच्या गाड्यांना एमएच-१२, एमएच-१४ असले नंबर नसायचे. एम या अक्षराने सुरू होणारी तीन अक्षरी मालिका असायची. अशा गाडीचं बुक म्हणजे पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली पुस्तिका, आणि तिची नोंद आरटीओच्या संगणकात असेलच असं नाही. नोंद नसेल तर जुन्या रजिस्टरवरून ती आधी चढवून घ्यावी लागते, त्याला तिथे बॅकलॉग एन्ट्री म्हणतात. त्याशिवाय पुढचं कुठलंही काम हलत नाही. त्यामुळे इसार देण्याआधी नंबर ऑनलाइन टाकून पाहा. दिसला नाही तर विकणाऱ्याला सांगा, "आधी चढवून घ्या, मग पैसे." तो म्हणेल, आमचा एजंट आठ दिवसांत करून देतो. आठ दिवसांनी या, म्हणा.

मग चासी नंबर. चासीवरचा रंग थिनरने पुसून, कागद ठेवून वरून पेन्सिल घासा. आरटीओतही अशीच छाप घेतात. अक्षरं एका उंचीची, एका खोलीची हवीत. एखादा आकडा तिरका किंवा जास्त खोल ठोकलेला दिसला, नंबराभोवती वेल्डिंगची शिवण दिसली, तर चहा प्या आणि निघून या. किंमत कितीही कमी केली तरी.

इंजिन नंबरही बुकाशी ताडून पाहा आणि इंधनाचा रकाना वाचा. आपल्याकडे पेट्रोल जीपांत मिळेल ते डिझेल इंजिन बसवायची पद्धत होती. खाली डिझेल आणि बुकात पेट्रोल अशा कितीतरी गाड्या विकायला आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे परवानगीशिवाय असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे कलम आणखी कडक वाचलं. अशी गाडी घेतलीत तर बुकाप्रमाणे पेट्रोल इंजिन शोधून बसवण्याचा खर्च किमतीतून आधीच वजा करा.

गाडी आजोबांच्या नावावर आणि विकतोय नातू, हे तर नेहमीचंच. मालक हयात असेल तर २९ आणि ३० नंबरचे फॉर्म त्याच्या सहीसकट, ओळखपत्राच्या प्रतींसकट, पैसे देतानाच घ्या. वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी, त्याचा फॉर्म ३१. "नंतर देतो" या शब्दांवर मी एकदा विसंबलो आणि सहीसाठी वाईला दोन खेपा घातल्या.

आता मीटर. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. मी केली तेव्हा नूतनीकरणाची फी ५,००० होती. ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांवरच्या हलक्या मोटारींना ती १०,००० झाली. पण खरा दणका उशिराचा आहे, दर महिन्याला ५००. माझ्या गाडीची मुदत २०२२च्या सुरुवातीला संपली होती. तपासणीला नेण्याइतकी ती धड झाली २०२५च्या सुरुवातीला. छत्तीस महिने गुणिले ५००, अठरा हजार. त्यातले बहुतेक महिने गाडी माझ्याच शेडमध्ये उभी होती. म्हणजे मी सँडपेपर घासत होतो तेव्हाही हे मीटर चालू होतं. म्हणून घेताना मुदत किती शिल्लक आहे ते बघा. दोन वर्षं शिल्लक असलेली गाडी दहा हजारांनी महाग असली तरी स्वस्तच.

त्यावर थर्ड पार्टी विमा. १,५०० सीसीच्या वरच्या खासगी मोटारीला २०२२पासून वर्षाचा दर ७,८९७, जीएसटी धरून ९,३१८. आपलं इंजिन २,१९९ सीसीचं, त्यामुळे सुटका नाही. उच्च सुरक्षा नंबरपाटीचे जीएसटीसकट ८७९. हरित कर, नावावर करणं, बॅकलॉग आणि एजंटाचं चहापाणी मिळून माझे आणखी १२,८००. कागदांची बेरीज ४६,०००.

पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणीचा पर्याय आहे. जुलै २०२१च्या नियमांप्रमाणे नवी नोंदणी २०,०००, दहा वर्षांची मुदत, पुढे नूतनीकरण ५,०००, नंबरात व्हीए ही अक्षरं. वर थर्ड पार्टी विम्यात निम्मी सूट. ऐकायला झकास. पण ती गाडी मग फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. मला पावसाळ्यानंतर ताम्हिणीतून खाली उतरायचं होतं, म्हणून मी साधी नोंदणीच ठेवली. शिवाय बॉडी, चासी, इंजिन मूळ रूपात हवं ही अट आहेच.

गाडी बघायला जाताना

सोबत तीन वस्तू न्या : फ्रिजवरचं चुंबक, जुना स्क्रू ड्रायव्हर आणि बसायला पोतं. चुंबक मडगार्डवर, दरवाजाच्या कडेला, मागच्या चाकांच्या वरच्या पेट्यांवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. मग पोतं टाकून खाली झोपा आणि स्क्रू ड्रायव्हरने चासी ठोका. टण आवाज आला तर ठीक. भद आवाज आला, पापुद्रा पडला, तर तिथे गंज आतून आहे. तीन जागा नक्की बघा : मागचे पाटे जिथे चासीला अडकतात ते ब्रॅकेट, मागचं आडवं क्रॉस मेंबर आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे चासीला बोल्ट केलाय तो भाग. शेवटच्या जागी केसासारखी बारीक चीर असते आणि तिच्यावर बहुधा ताजा काळा रंग मारलेला असतो. अख्ख्या मळकट गाडीत एवढाच भाग चकाकत असेल तर विकणाऱ्याला ते ठाऊक आहे, एवढं ओळखा.

चालवून बघताना पहिला गिअर चालत्या गाडीत टाकला की कर्रकन ओरडतो. तो दोष नाही, त्या तीन गिअरच्या पेटीत पहिल्याला सिंक्रोमेशच नाही. त्यावरून भाव पाडायला जाल तर मालक मनात हसेल. दुसरा गिअर उतारावर आपोआप सुटून बाहेर येतो का ते मात्र बघा. आणि स्पेशल गिअर, म्हणजे फोर व्हील, मातीत टाकून बघा. दांडा हलतो एवढ्यावर समाधान मानू नका. कितीतरी गाड्यांचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट कोणीतरी वीस वर्षांपूर्वीच काढून ठेवलेला असतो, आणि तो ठेवलेला असतो म्हणजे भंगारात गेलेला असतो.

पत्रा

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि सगळ्यात जास्त चुकाही. माझी फरशी चाळणी झाली होती. डेंटर म्हणाला, "तुकडे मारून देतो, अकरा हजारांत." मी खूश. तुकडे मारले, मग कडा कापल्या तर मागची भिंत सडलेली, भिंत कापली तर चाकांवरच्या पेट्या सडलेल्या. गंजलेल्या पत्र्याला वेल्डिंग धरत नाही, भोक बुजवायला जावं तर बाजूला दुसरं पडतं. तीन आठवड्यांनी मी नवा टब, म्हणजे बोनेटमागची अख्खी बॉडी, मागवला, ६२,०००ला, आणि अकरा हजारांची फरशी भंगारवाल्याला किलोवर दिली.

तेव्हा ठरवायची रीत अशी : फरशी, मागची भिंत, चाकांवरच्या पेट्या आणि डॅशखालची आडवी भिंत, या चारांपैकी एकच सडलं असेल तर तुकडा मारा. दोन सडले असतील तर टब घ्या. बोनेट, ग्रिल आणि पुढची मडगार्ड मात्र मूळचीच ठेवा. जुना पत्रा जाड असतो आणि ठोकून सरळ होतो. माझ्या त्या भागांच्या दुरुस्तीला १४,००० लागले.

नवा टब तयार आला म्हणून चासीवर अलगद बसतो असं नाही. माझ्या टबाची पाच भोकं जुळवून पाहिली, तीन जुळली. बाकीची ड्रिलने ओढून घ्यावी लागली. मग ग्रिल लावल्यावर बोनेटची एक कड अर्धा इंच वर. म्हणून रंगाचा विचार करायच्या आधी टब, ग्रिल, मडगार्ड, बोनेट, काच हे सगळं उघड्या पत्र्यावर एकदा बोल्टने जोडा, दरी सारखी करून घ्या, फोटो काढा, मग सगळं सोडवा. डेंटर कंटाळतो. त्याचे २४ दिवस झाले, रोज १,२००, म्हणजे २८,८००. त्यातले चार दिवस या जोडण्या-सोडवण्यात गेले आणि तेच सगळ्यात सत्कारणी लागले.

जूनच्या आत उघडा पत्रा झाकला गेलाच पाहिजे. आमच्याकडे तळेगावात पाऊस सुरू झाला की संध्याकाळी घासून पांढरा केलेला पत्रा सकाळी केशरी होतो. पहिल्या वर्षी मी बोनेट जुलैत रंगवलं. शेडमध्ये, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी. दसऱ्यापर्यंत रंगावर मुरमांसारखे फोड. ओल प्रायमरखाली अडकली होती. सात हजार गेले, बोनेट पुन्हा खरवडलं. पावसाळ्याचे चार महिने इंजिन, गिअर आणि वायरिंगला ठेवा, पत्रा आणि रंग नोव्हेंबर ते मे.

घरी रंग मारणार असाल तर साधा सिंथेटिक एनॅमल मारा, उघड्यावर, तोंडाला मास्क लावून. जीपला तोच शोभतो. दोन भाग मिसळून मारायचा टू-के रंग घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ते फुप्फुसाला धरतात आणि साधा मास्क त्याला रोखत नाही. तो बूथमध्ये जाऊ द्या. मी पेंटर घरी बोलावला, माल १९,५००, त्याची मजुरी १५,०००.

पिस्टन आधी, बोअर नंतर

इंजिन घरी खोलण्यात अवघड काही नाही. चार सिलेंडर, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, सगळं हाताला येणारं. प्रत्येक बोल्ट कुठला ते कागदाच्या पाकिटावर लिहून ठेवा, फोटोंवर विसंबू नका. फोटोत बोल्टची लांबी कळत नाही. लेथचं काम, म्हणजे बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, वॉल्व्हच्या सीट, हे बाहेरच द्यावं लागतं.

इथे मी नऊ हजारांचा शहाणपणा शिकलो. मूळ बोअर सव्वातीन इंचाला किंचित कमी, ३ आणि १/८ इंच. झिजलेला सिलेंडर मोठा करायचा तो २०, ३०, ४० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अशा ठरलेल्या पायऱ्यांत, आणि त्या मापाचे पिस्टन घ्यायचे. मी पिस्टन आधीच आणून ठेवले होते, ३० थाऊचे. ब्लॉक लेथवर नेला तर तिथल्या माणसाने माप घेतलं, "ओव्हल फार आहे, तीसने साफ होणार नाही," म्हणाला आणि मला न विचारता ४० थाऊने मारून ठेवला. माझे पिस्टन त्या सिलेंडरात खडखडायला लागले. दुकानदार पाकीट फोडलेले पिस्टन परत घेईना. नाना पेठेत दुसरा संच घेतला. तिथे बाकावर बसलेले एक जुने मेस्त्री हे ऐकून म्हणाले, "साहेब, पिस्टन हातात घेऊनच बोअर करायला जायचं असतं, पण माप घेतल्यावर पिस्टन आणायचे असतात. दोन्ही खरंय." नीट क्रम असा : आधी नुसतं माप घ्या, मग त्या मापाचे पिस्टन आणा, मग पिस्टन आणि ब्लॉक एकत्र द्या, म्हणजे तो प्रत्येक पिस्टन मोजून त्याप्रमाणे सिलेंडर होन करतो.

इंजिनाचे सगळे मिळून ७१,५००. त्यात पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, वॉल्व्ह, गॅस्केट, ऑइल पंप, कार्ब्युरेटर, रेडिएटरचा नवा कोअर, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट आली. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम जुने राहू देऊ नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात फुगून मऊ होतं. इथेनॉल चालणाऱ्या नळ्या दोन-तीनशे रुपये महाग आहेत. गरम एक्झॉस्टजवळ पेट्रोल ठिबकण्यापेक्षा ते बरे.

आणि टाकी. ती पुढच्या सीटखाली असते, म्हणजे वेल्डिंगच्या ठिणग्यांच्या बरोबर खाली. वेल्डिंगच्या दिवशी टाकी गाडीतून काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, लोखंडी घोडे लावायचे. चार घोडे अडीच हजारांत येतात.

गिअरबॉक्स आणि ॲक्सलवर ४८,००० गेले, सांगण्यासारखं त्यात फार नाही. ट्रान्सफर केसमधला मधला शाफ्ट जवळजवळ प्रत्येक जुन्या जीपमध्ये झिजलेला असतो आणि तिथून तेल गळतं. पेटी खोललीच आहे तर तो, त्याची सुई बेअरिंगं आणि सगळी सीलं एकदमच बदला. पुन्हा पेटी उतरवण्याची मजुरी त्या भागांपेक्षा जास्त होते. क्राउन-पिनियनचा मेळ मी मेस्त्रीकडूनच घालून घेतला. ते हाताने येणारं काम नव्हे.

ब्रेकवर काटकसर नाही. या गाडीला एकच मास्टर सिलेंडर, एकच सर्किट, चारी चाकांना. एक नळी फुटली की पेडल फरशीला. त्यामुळे मास्टर, चारी व्हील सिलेंडर, सगळ्या रबरी आणि लोखंडी नळ्या, लायनर सगळं नवं. किंगपिनची बेअरिंगं आणि स्टिअरिंगचे सांधे धरून २७,०००. जुन्या लायनरची धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्याने पुसा.

घरी बिनधास्त करण्यासारखं एकच काम म्हणजे वायरिंग. इन-मिन दिवे, सेल्फ, डायनमो, हॉर्न. नवा हार्नेस, बॅटरी, दिवे धरून १७,५००. सगळं जोडलं आणि एकही मागचा दिवा पेटेना. दोन संध्याकाळी वायरा तपासल्या. शेवटी शेजारच्या दहावीतल्या मुलाने विचारलं, "काका, अर्थ कुठे लागलाय?" अर्थ लागला होता चकचकीत नव्या रंगावर. बोल्टखालचा नाण्याएवढा रंग खरवडला आणि दिवे लागले.

वहीतलं शेवटून दुसरं पान जसंच्या तसं :

गाडी २,२५,०००
आणणं, टेम्पो ११,०००
कागद ४६,०००
पत्रा आणि रंग १,३९,३००
इंजिन ७१,५००
गिअर, ट्रान्सफर, ॲक्सल ४८,०००
ब्रेक, स्टिअरिंग २७,०००
पाच टायर-ट्यूब, रिमा ३२,०००
वायरिंग १७,५००
हूड आणि सीटा २१,०००
हत्यारं ३८,०००
दोनदा केलेलं २७,०००
नटबोल्ट, थिनर, वडापाव, बाकी १६,७००

हत्यारांबद्दल वाद होतो. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, लहान कॉम्प्रेसर, पाने आणि टॉर्क रेंच एवढं मी घेतलं. इंजिन उचलायची चेनपुली भाड्याने आणली, दोन दिवसांचे सहाशे. ती विकत घेऊ नका. गाडीच्या आयुष्यात दोनदा लागते आणि बाकी वेळ पाय अडखळायला असते.

जागा माझी होती, म्हणून तो खर्च वहीत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम होत नाही, हे आधीच मान्य करा. ग्राइंडरचा आवाज आणि थिनरचा वास दोन रविवार चालतो, तिसऱ्या रविवारी सेक्रेटरी येतात. गाळा भाड्याने घेणार असाल तर अडीच वर्षांचं भाडं मांडून पाहा आणि मग गॅरेजवाल्याचे साडेपाच लाख पुन्हा एकदा ऐका. त्या स्थितीत तेच परवडतील.

पैसे कमीच असतील तर कुठे थांबायचं? माझा क्रम सांगतो. कागद, चासी, ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन, गिअर. एवढं झालं की सडक्या फरशीवर लाकडी फळी टाकूनही अंगणात गाडी पुढेमागे करता येते आणि हुरूप टिकतो. लोक उलटं करतात. आधी रंग, रुंद टायर, वर दिव्यांची पट्टी. मग पैसे संपतात, आणि चकाचक रंगवलेली, ब्रेक नसलेली जीप विकायला येते. दोनची दीडला.

गाडी उभी राहिल्यावरचा खर्च वेगळा. लिटरला आठ-नऊ किलोमीटर, त्यामुळे पेट्रोलचा हिशोब मी करत नाही. दर हजार किलोमीटरला ग्रीस आणि पॉइंट साफ करणं घरीच होतं. विमा वर्षाला ९,३१८. नवी सीलं टाकूनही ट्रान्सफर केसमधून रात्रीत चार-पाच थेंब पडतातच. खाली ठेवायला पत्र्याचा ट्रे घेतला, नव्वद रुपयांचा. तो वहीत लिहायचा राहिला.